फारच गुणी मुलगा

रात्री पाणी प्यायला खाली उतरले, तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता. फक्त फ्रिजचं दार उघडं आणि त्या उजेडात तो उभा. पायात लोकरीचे मोजे, अंगात संघाचा राखाडी हूडी, दोन्ही हात खिशात. फ्रिज काही रिकामा नव्हता. दूध होतं, अंडी होती, दुपारचा पास्ता डब्यात होता, त्याच्यासाठीच आणून ठेवलेलं चॉकलेटचं दूध पुढ्यात होतं. तो नुसता बघत होता. मग त्याने दार इतकं हलक्या हाताने लावलं की रबर चिकटल्याचाही आवाज आला नाही. वळला, तर समोर मी. "सॉरी," म्हणाला. काय हवं होतं विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, बघत होतो." सहा फुटांच्या वर उंची, संध्याकाळभर बर्फावर घाम गाळून आलेला, वय वर्षं सतरा, आणि भुकेने झोपमोड झाली तरी दुसऱ्याच्या फ्रिजमधल्या वस्तूला हात लावत नाही. मी त्याला खुर्चीवर बसवलं, पास्ता गरम करून दिला. त्याने खाल्ला, ताटली धुतली, पुसली, जागच्या जागी ठेवली, दोनदा थँक्यू म्हटलं आणि बेसमेंटमधल्या खोलीत गेला. यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? उलट कुठल्याही आईने हेवा करावा असं वागणं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तो ऑगस्टच्या शेवटी आला होता. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या या गावात आम्हाला आता बरीच वर्षं झाली. नवरा पोटॅशच्या खाणीत, मी औषधांच्या दुकानात. लेक शिकायला टोरंटोला गेल्यापासून त्याची बेसमेंटमधली खोली रिकामी होती. गावातल्या ज्युनिअर आइस हॉकी संघासाठी मुलांची राहण्याची सोय बघणारी बाई दुकानात आली, की औषधं घेता घेता त्या खोलीची चौकशी करायची. इथे हे सगळीकडेच असतं. संघ गावाचा, पण मुलं गावची नसतात. ती हजार-पंधराशे किलोमीटरवरून येतात आणि सप्टेंबर ते मार्च कुणाच्या तरी घरी बिलेट म्हणून राहतात. घरवाल्यांनी जेवण, खोली आणि लक्ष द्यायचं, त्याचे महिन्याला थोडे पैसे मिळतात. पैशासाठी कुणी हे करत नाही, कारण सतरा वर्षांचा हॉकीपटू दूध ज्या वेगाने संपवतो त्यापुढे ते पैसे कुठच्या कुठे जातात. आम्ही तयार झालो. पोलिसांकडून आमची चौकशी झाली, घरातले धुराचे अलार्म तपासून झाले, नियमांचा एक कागद हातात आला. मग एके दिवशी दुपारी ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडच्या एका लाकूडगिरणीच्या गावातून दीड दिवस गाडी हाकत त्याचे आईबाप त्याला घेऊन आले. बापाने सामान उतरवलं, खोलीतली खिडकी दोनदा उघडून-लावून पाहिली, हीटर कुठे आहे ते विचारलं, मुलाशी हस्तांदोलन केलं आणि "इंजिन गरम आहे तोवर निघतो" म्हणाला. ऑगस्टमध्ये! आई काहीच बोलली नाही. तिने माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, एवढंच.

तो गोली होता. म्हणजे गोलकीपर. त्याच्या अंगावरच्या त्या अगडबंब सामानाने आमचा बेसमेंट व्यापून गेला. पायांचे पॅड, छातीचं चिलखत, एक हातमोजा पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, अडवायचा, दुसरा झेलायचा. सगळं दोरीवर वाळत पडलेलं असायचं आणि त्याचा वास जिन्यावरून स्वयंपाकघरापर्यंत यायचा, ओल्या चामड्याचा आणि आंबलेल्या घामाचा. नवरा म्हणायचा, खाणीत बरं वाटतं. पण मुलगा स्वतः असा, की घरात आहे की नाही पत्ता लागू नये. आंघोळीनंतर नळाभोवतीचं पाणी पुसायचा. पायऱ्या उतरताना कडेने उतरायचा, कारण मधल्या पायऱ्या करकरतात हे त्याच्या पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं होतं. जेवायला बसलं, की जे वाढलं ते खायचा आणि छान झालंय म्हणायचा. आमटीभात छान, पास्ता छान, जळलेली ग्रिल्ड सँडविचंही छान. मला सुरुवातीला 'मॅम' म्हणायचा. आमच्या लेकाएवढ्या पोराने नावाने हाक मारावी हेही जिवावर येत होतं, पण मॅम त्याहून वाईट, म्हणून मीच सांगितलं, मीना म्हण. त्यावर काही दिवस त्याने मला कुठलीच हाक मारली नाही. बोलायचं असलं की समोर येऊन उभा राहायचा.

शेजारपाजारचे, दुकानातले, सगळे म्हणायचे, किती गुणी मुलगा मिळालाय तुम्हाला.

मी दहावीनंतर साताऱ्याला आत्याकडे राहून शिकले. आत्याने मला काही म्हणजे काही कमी केलं नाही. तिच्या मुलींना आणि मला एकाच ताग्यातले ड्रेस शिवले, परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी पहाटे उठून चहा केला. तरीही त्या घरात मी तिसरी पोळी कधी मागून घेतली नाही. आत्या वाढायला आली की हात आपोआप ताटावर आडवा व्हायचा. भूक नव्हती असं नाही, चांगली कडकडून असायची. कुणी मोजत नव्हतं हेही माहीत होतं. पण मी मोजत होते. सुट्टीला घरी गेले की आई मोठ्या कौतुकाने सांगायची, "वन्सं म्हणत होत्या, तुमची पोर फार शहाणी हो, आवाज म्हणून नाही तिचा." आणि तोवर मी दप्तर टाकून भावाशी भांडायला सुरुवातही केलेली असायची. माझ्या घरी मी एक नंबरची आळशी, तोंडाळ आणि खादाड मुलगी होते, आणि आत्याकडे देवमाणूस. आईला वाटायचं, साताऱ्याला राहून मला वळण लागलं.

त्या रात्री फ्रिजपाशी उभं असलेलं पोर हे असलं वळण लागलेलं पोर होतं, आणि ते वळण त्याला आमच्या घरानेच लावलं होतं. घरची आठवण येणारं मूल रडतं, उशीत तोंड खुपसतं, असं आपण धरून चालतो. नियमांच्या त्या कागदातही तेच होतं: मूल जेवत नसेल, खोलीबाहेर येत नसेल, चिडचिडं झालं असेल तर कळवा. मूल अतोनात सभ्य झालं असेल तर कळवा, असं काही त्यात नव्हतं.

हॉकीच्या बाबतीत तर या सभ्यतेला आणखीच भाव. या मुलांची निवड होते तेव्हा ती मिसरूडही न फुटलेली असतात. वेस्टर्न लीगचे संघ त्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण करणारी मुलं नावं पुकारून वाटून घेतात. ही वेस्टर्न लीग धरून कॅनडाच्या सर्वांत वरच्या तीन ज्युनिअर लीगमध्ये मिळून साठेक संघ आहेत, आणि त्यांच्या खालच्या पायरीवर आमच्यासारख्या गावांच्या लीग. सामन्याच्या दिवशी सगळी मुलं सूट-टाय घालून रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर जातात. टायची गाठ त्याला माझ्या नवऱ्याने शिकवली. आरशासमोर दोघं उभे, एक पाच फूट सहा आणि एक सहा फूट दोन, आणि नवऱ्याचे हात वर करून करून दुखायला लागलेले. सूट घातला की ही मुलं बँकेत नोकरीला असल्यासारखी दिसतात. माइक समोर आला की 'आम्ही एकेक सामना बघतो, संघ महत्त्वाचा' असली प्रौढ वाक्यं बोलतात. आणि घरी आल्यावर अंडरवेअर कुठल्या पाण्यात धुवायची हे विचारायला लाजतात.

त्यातून तो दुसऱ्या नंबरचा गोली. संघात गोली दोनच असतात, एक खेळतो आणि एक बसतो. बसणाऱ्याचं काम मी तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं. सामन्याआधीच्या सरावात त्याने सगळ्यांचे शॉट अंगावर घ्यायचे. मग हेल्मेट काढून संघाची टोपी घालायची आणि बेंचच्या टोकाला, दाराशी बसायचं. खेळाडू धापा टाकत आले की दार उघडायचं, ते आत आले की लावायचं. संपूर्ण चिलखत अंगावर, आणि काम दरवानाचं. गोल झाला की सगळ्यांबरोबर उठून मूठ पुढे करायची. त्याची आई तिकडे लॅपटॉपवर सामना बघायची. पैसे भरून, प्रत्येक सामना. पण कॅमेरा पकच्या मागे धावतो, बेंचच्या टोकाला तो कधी थांबत नाही. सामना संपला की तिचा मला मेसेज यायचा. जिंकलो-हरलो तिला माहीत असायचंच. ती विचारायची, "तो कसा बसला होता?" मी रिंकमध्ये पलीकडच्या बाजूला बसून हेच पाहायला शिकले. ताठ बसलाय की वाकून, शेजारच्याशी बोलतोय की टोपी डोळ्यांवर ओढलीय. खेळ काय चाललाय याकडे माझं फारसं लक्ष नसायचं. मला ऑफसाइड अजूनही कळत नाही.

तिची रात्रपाळी असायची एका वृद्धाश्रमात. कामावर निघायच्या आधी, तिकडचे आठ वाजले की ती मुलाला फोन करायची. तेव्हा आमच्याकडे नऊ वाजलेले असत. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. सस्कॅचवानमध्ये घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे तिचे आठ आता आमचे दहा झाले. साडेदहाला मुलांनी खोलीत असायचं, सकाळी शाळा, म्हणून फोन आटोपता व्हायचा. कुणी काही ठरवलं नव्हतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं. दोन प्रांतांच्या घड्याळांनी एका आईचं बोलणं निम्म्यावर आणलं. जिन्याच्या वरच्या टोकाशी उभं राहिलं की मला त्याचा आवाज यायचा. शब्द नाहीत, नुसता आवाज. घरच्यांशी बोलताना तो वेगळा लागायचा, खालच्या पट्टीतला, जरा आळसावलेला, मध्येच करवादल्यासारखा. आमच्या स्वयंपाकघरात तो आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

हॉकीतला दिग्गज गॉर्डी हाव याच सस्कॅचवानच्या मातीतला. १९४३ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, न्यूयॉर्क रेंजर्सच्या शिबिरासाठी विनिपेगला गेला आणि घरच्या आठवणीने कासावीस होऊन सस्कॅटूनला परत आला. पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या शिबिराला गेला, तिथे टिकला, आणि मग वयाच्या ५२व्या वर्षापर्यंत व्यावसायिक हॉकी खेळत राहिला. ही गोष्ट इथे नव्या मुलांना धीर द्यायला सांगतात. हाव रडून घरी आला होता, तू तर राहिलास! मला त्या गोष्टीतलं पहिलं वर्षच जास्त खरं वाटतं. परत आलेला मुलगा. त्याच्यासारखीच परत आलेली आणि मग पुन्हा न गेलेली किती असतील, ती कुठे ट्रॅक्टर चालवत असतील, कुठे शाळेत शिकवत असतील, मजेतही असतील. त्यांची गोष्ट कुणी धीर द्यायला सांगत नाही. वेन ग्रेट्स्कीने १४व्या वर्षी घर सोडलं आणि सोळाव्या वर्षी तो सू सेंट मरीला खेळायला गेला. तिथे त्याला हवा असलेला ९ नंबरचा शर्ट आधीच दुसऱ्याच्या अंगावर होता, म्हणून ९९ घेतला. पाहुण्याला उरलेलं घ्यावं लागतं. ते पुढे एवढं गाजलं ही गोष्ट निराळी. आणि अलीकडचा कॉनर बेडार्ड, २०२० मध्ये पंधराव्या वर्षीच वेस्टर्न लीगमध्ये पूर्णवेळ खेळायची खास परवानगी मिळालेला पहिला मुलगा. तो नॉर्थ व्हँकुव्हरहून रिजायनाला आला तेव्हा आई त्याच्यासोबत येऊन राहिली. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं आणि लगेच रागही आला. कुणाचा ते सांगता येत नाही. सगळ्यांच्याच आयांना नोकरी सोडून मुलामागे जाता येत नाही, एवढं खरं.

आमची पोलीस चौकशी झाली तेव्हा नवरा वैतागला होता. आपण उपकार करतोय आणि आपलीच झाडाझडती! मी त्याला शेल्डन केनेडीबद्दल सांगितलं. स्विफ्ट करंटच्या ज्युनिअर संघात खेळलेला हा मुलगा. ग्रॅहम जेम्स नावाच्या प्रशिक्षकाने त्याच्यावर किशोरवयात वर्षानुवर्षं अत्याचार केले. तो माणूस आईबापांना देवासारखा वाटायचा, कारण मुलाचं भवितव्य त्याच्या मुठीत होतं. १९९७ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी केनेडीने या विषयाकडे लोकांचं लक्ष वेधायला चाकांचे स्केट्स घालून अख्खा देश आडवा पार केला. घरापासून दूर असलेलं मूल, ज्याला गप्प बसण्याची आणि तक्रार न करण्याची शाबासकी मिळते, त्याचा गैरफायदा घेणं किती सोपं असतं! नवरा त्यावर काही बोलला नाही. कागदावर सही केली आणि मग मुलाच्या खोलीच्या दाराला आतून लागणारी नवी कडी बसवून आला.

आणि रस्ते. या लीगमधली मुलं जितकी बर्फावर असतात त्याहून जास्त बसमध्ये असतात. उत्तरेला ला राँज, दक्षिणेला एस्टेव्हन, एका टोकाचा संघ दुसऱ्या टोकाला खेळायला निघाला की दिवस बसमध्येच जातो. एकदा फ्लिन फ्लॉनहून परत आल्यावर त्याने जेवताना सांगितलं, की तिथले प्रेक्षक आनंदाने बर्फावर मूसची तंगडी फेकतात. खरोखरची, खुरासकट. आमच्या टेबलावर तोवर तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता, म्हणून मी मुद्दाम तंगडीबद्दल आणखी आणखी प्रश्न विचारत राहिले. पण बस रात्री परतीला लागली, बाहेर उणे तीस असलं, की मला झोप यायची नाही. इथे कुणालाच येत नाही. १९८६ च्या ३० डिसेंबरला स्विफ्ट करंटची बस गोठलेल्या रस्त्यावरून घसरली आणि मागच्या बाकांवर पत्ते खेळत बसलेली चार मुलं गेली. आणि ६ एप्रिल २०१८ ला हम्बोल्टच्या संघाची बस प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा सामना खेळायला निपाविनकडे निघाली होती. एक ट्रक चौकात थांबायच्या पाटीला थांबला नाही. बसमधले २९ जण, त्यांतले १६ गेले. प्लेऑफसाठी सगळ्या मुलांनी केस सोनेरी रंगवले होते. त्यामुळे ओळख पटवताना दोन मुलांची अदलाबदल झाली. एका घरात मुलगा गेला म्हणून आकांत, तो जिवंत निघाला, आणि दुसरं घर मुलगा वाचला म्हणून देवाचे आभार मानत होतं. हे मी लिहितानाही हात थांबतो. त्यानंतर देशभर लोकांनी रात्री दारातला दिवा लावून बाहेर हॉकीची काठी उभी करून ठेवली. आम्हीही ठेवली, लेकाची जुनी, टेप सुटलेली.

तो ट्रक चालवणारा तिशीच्या आतला मुलगा भारतातून आलेला होता. नोकरीला लागून त्याला महिनाही झाला नव्हता. त्याने गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली. ट्रक चालवण्याआधीचं सक्तीचं प्रशिक्षण या प्रांतात त्यानंतर, २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झालं. त्याचं नाव बातम्यांत आलं त्या दिवसांत दुकानात मला कुणीही वाकडा शब्द बोललं नाही. एकानेही नाही. पण काउंटरमागे मी जरा जास्तच हसत होते, गिऱ्हाइकाचं प्रिस्क्रिप्शन जरा जास्तच तत्परतेने भरून देत होते, फोनवर मराठीत बोलायला मागच्या खोलीत जात होते. या देशात घर घेऊन, मूल वाढवून, मत देऊन इतकी वर्षं झाल्यावर मी पुन्हा आत्याच्या घरी गेले होते. म्हणूनच कदाचित त्या मुलाचं ताटली पुसणं मला इतकं लख्ख दिसलं.

डिसेंबरात पहिला गोली आजारी पडला आणि आमच्या मुलाला एकदाचा सामना मिळाला. दुपारी झोपेना, जेवेना, टाय दोनदा सोडून बांधला. आणि दुसऱ्या पिरियडच्या मध्यापर्यंत पाच गोल खाल्ले. प्रशिक्षकाने त्याला बाहेर बोलावलं, आयत्या वेळी आणलेला गावातला एक शाळकरी मुलगा आत गेला. बेंचच्या टोकापर्यंतचा तो रस्ता फार लांबचा असतो. रात्री घरी आला तेव्हा मी पास्ता करून ठेवला होता, त्याला नेहमी आवडतो तसा, मशरूम आणि क्रीम घालून. तो टेबलाशी आला, भांड्यात पाहिलं आणि म्हणाला, "मला मशरूम आवडत नाहीत." मी म्हटलं, "काय?" तर आवाज चढला. "नाही आवडत! कधीच नव्हते आवडत! घाण लागतात!" खुर्ची मागे ढकलून, जिन्याच्या मधोमध पाय आपटत, प्रत्येक पायरी करकरवत खाली गेला आणि दार धाडकन आपटलं. भिंतीवरची तसबीर हलली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मी आता रडणार. मला हसू आवरत नव्हतं. हा तोच आवाज होता, घरचा, फोनवरचा, करवादलेला. मी चीज सँडविच करून ताटली त्याच्या दाराबाहेर ठेवली.

सकाळी माफी मागितली त्याने, आणि मला भीती वाटली की झालं, पुन्हा शहाणा झाला. पण नाही. त्या आठवड्यापासून ओला टॉवेल जमिनीवर पडायला लागला. मॅगी माझ्याच नव्या पातेल्यात करून पातेलं तसंच सिंकमध्ये टाकायला लागला. नवऱ्याचा रिमोट पळवायचा. आमटी आवडत नाही, पण खिचडी चालेल, असं स्पष्ट सांगितलं. मला 'मीना' अशी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायला लागला, हेडफोन सापडत नाहीत म्हणून. मी ओरडायचे, अगदी लेकावर ओरडायचे तशी, मराठीत. त्याला कळायचं. नाताळच्या सुट्टीत घरी जाऊन आला तेव्हा आईने माझ्यासाठी विणलेला मफलर पाठवला होता आणि सोबत चिठ्ठी, की तो आता तुमच्याबद्दल तक्रारी करतो, बरं वाटलं.

या लीगमध्ये १० जानेवारीपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करता येते. त्याआधीचे दिवस प्रत्येक बिलेट घरात फोन वाजला की दचकायचे. त्याला शाळेत, गणिताच्या तासाला मेसेज आला. उत्तरेकडच्या एका संघाकडे पाठवलं होतं, त्याच्या बदल्यात एक वीस वर्षांचा अनुभवी गोली येत होता. उद्या सकाळी तिकडे सराव. सहामाहीची परीक्षा दोन आठवड्यांवर, ती आता नव्या गावात, नव्या शाळेत. संघाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. मीही पलीकडे बसून पाहिलेलंच होतं की आम्हाला गोली हवाय. पण इतका बरोबर निर्णय इतक्या झटक्यात कुणाच्या अंगावर पडलेला मी पाहिला नव्हता. तो घरी आला आणि सामान भरायला लागला, पद्धतशीर, घड्या घालून. मला म्हणाला, "थँक्यू फॉर एव्हरीथिंग." तो परत सभ्य झाला होता. जिन्यावरून बॅगा वर आणताना तो कडेकडेने चढत होता. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

नवरा त्याला सोडायला गेला. पाच तास जायला, पाच यायला, इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर विजेच्या वायरला लावून सकाळी अंधारात निघाले. परत आल्यावर मी खोदून खोदून विचारलं. घर कसं आहे, बाई कशी आहे, खोली बेसमेंटमध्ये आहे की वर? नवरा म्हणाला, घर चांगलं आहे, कुत्रा आहे, आणि तो पूर्ण रस्ता झोपला होता. एवढीच माहिती. पुरुषांना निरोप देऊन पाठवू नये. त्याच्या आईचा आणि माझा मात्र अजून फोन होतो. ती आता त्या नव्या गावाचे सामने बघते. तिथला पहिला गोली दुखावलाय, त्यामुळे बहुतेक सामन्यांत हाच खेळतो आणि कॅमेऱ्यात दिसतो. तो कसा बसला होता, हे तिला आता विचारावं लागत नाही. मला जरा चुकल्यासारखं होतं.

परवा त्या नव्या घरच्या बाईचा फोन आला. त्याचं हिवाळी जॅकेट इथे राहिलंय का विचारायला. राहिलं होतं. मग जरा गप्पा झाल्या. ती पहिल्यांदाच बिलेट ठेवतेय, मुली अजून लहान आहेत, मोठा मुलगा घरात कसा वागेल याची तिला धास्ती होती. पण काही त्रास नाही म्हणे. स्वतःची ताटली धुतो, आवाज म्हणून नाही त्याचा, जे वाढेल ते खातो. "फारच गुणी मुलगा आहे," ती म्हणाली. "आणि मशरूम काय आवडतात त्याला! काल दोनदा वाढून घेतले."

सांगणं अगदी जिभेवर आलं होतं. पण मशरूमचं तिला सांगायचं तर ते त्याने सांगायचं, भांडून, दार आपटून. मी जॅकेट सोमवारी कुरिअरने पाठवते म्हटलं आणि तिला विचारलं, तुमच्याकडचा जिना वाजतो का?